तिवरखोलची सरकती घरं

त्या सकाळी संगणकाने डॉ. हेमांगी रेडीज हिला जी बातमी दिली, ती ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाला हसू आलं असतं. तिवरखोल वाडीतली पाच घरं, कौलं, पडव्या आणि परसातल्या फणसांसकट, पूर्वेकडे चार बोटं सरकली होती.

हेमांगी हसली नाही. तिने आधी कौलांवर नाचून यंत्रं हलवणाऱ्या वानरांना शिव्या दिल्या. मग छत्री घेऊन वाडीवर उतरली आणि पाचही घरांच्या कौलांवरच्या, विमानं ऐकणाऱ्या श्रवणदांड्या एकेक करून तपासल्या. दांड्या सरळ होत्या, पट्ट्या घट्ट होत्या, वायरीच्या जोडात पाणी गेलेलं नव्हतं. वानरं बिचारी निर्दोष निघाली, तेव्हा मात्र तिने तो आकडा वहीत लिहून ठेवला.

हेमांगीचं व्योमश्रवण केंद्र सड्यावर होतं. कोकणात डोंगरमाथ्याच्या सपाट, उघड्या जांभा दगडाच्या पठाराला सडा म्हणतात. सड्याच्या पश्चिम कडेला, खाडीकडे तोंड करून केंद्राची नवी इमारत उभी होती आणि पूर्वेच्या उतारावर तिवरखोल. आजूबाजूच्या डोंगररांगांमुळे इथली कमी उंचीवरची विमानं रडारला नीट दिसत नसत. पण विमान काही मुकं नसतं. आपलं नाव, आपली जागा आणि आपली उंची ते सेकंदाला एकदोनदा ओरडून सांगतच असतं. केंद्रात त्या संदेशाला ‘विमानहाक’ म्हणत. ती ऐकायला फार लागत नाही. पाण्याच्या नळाची पांढरी नळी, तिच्या टोकाला मधल्या बोटाएवढी तांब्याची तार, खाली घरात एक डबा, आणि डब्यात काडेपेटीएवढं अणुघड्याळ. हाक नेमकी कोणत्या क्षणी आली, ते घड्याळ टिपून ठेवी. सगळ्या डब्यांची टिपणं पुण्याच्या मोठ्या संगणकाकडे जात आणि हिशेब तिथे होई. ज्याच्या कौलावर दांडी, त्याला विमानं बघायला एक पडदा फुकट, अशी योजना होती.

वाडीत पहिली दांडी लागली ती अनसूया खेराडे यांच्या कौलावर. काकींचा मुलगा सुधाकर मस्कतच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता. मस्कतहून आलेलं विमान पडद्यावर उमटलं की काकी शेजारणींना हाक मारून दाखवत, “हे बघ गो, ह्याला माज्या सुधानं हात लावलान.” मग इतर चार घरांनीही दांड्या मागून घेतल्या.

पुढच्या आठवड्यात घरं वीतभर सरकली. हेमांगीने कोल्हापूरहून फिरोज मुकादमला बोलावून घेतलं. तो भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक, आणि कॉलेजात तिच्या वर्गात असल्यामुळे तिला अजून आडनावानेच हाक मारणारा. पावसाने घाट बंद व्हायच्या आदल्या दिवशी तो पोचला. त्याची मोजणीची यंत्रं मागून टेम्पोने यायची होती, ती घाटाच्या पलीकडेच अडकली.

“रेडीज, नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं,” तो ओले बूट काढत म्हणाला. “तू तर अंगणच चाललंय म्हणतेस. विमानं ऐकायच्या तारेने घर मोजतेस कशी?”

“घर कुठे आहे हे माहीत असेल, तर हाकेच्या वेळेवरून विमान किती दूर ते काढता येतं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग विमान कुठे आहे हे माहीत असेल, तर तोच हिशेब उलटा करून घर काढता येतं. डोक्यावरून दिवसभरात शेकड्याने विमानं जातात. प्रत्येक विमान म्हणजे एक टेप लावणारा माणूस, असं धर.”

“पण विमान सांगतं ती जागा तरी अचूक कुठे असते? दोन-चार मीटर इकडेतिकडे होतातच. त्यातून बोटभर कसं दिसेल?”

हेमांगीला हा प्रश्न आवडायचा. “तीच हाक आमच्या केंद्रावरची दांडीही ऐकते. विमानाने थाप मारली, तर ती काकींना आणि मला सारखीच मारली. दोघींच्या आकड्यांची वजाबाकी केली की थाप उडून जाते. म्हणून केंद्र हे शून्य धरायचं, आणि बाकी सगळं तिथून मोजायचं. केंद्राला आम्ही संदर्भकेंद्र म्हणतो.”

“घरं खाली किती गेली?”

“उंचीचा आकडा आम्ही धरत नाही. विमानं सगळी वरच असतात, जमिनीखालून एकही जात नाही. त्यामुळे वरखालीचं माप डळमळीत येतं. पूर्व-पश्चिम मात्र चोख.”

“पूर्वेकडे उतार, आणि घरं पूर्वेकडेच चाललीत. पाचही सारखीच?”

“सारखीच. अख्खा उतार एकसंध सुटलाय, असा माझा अंदाज आहे.”

मुकादमने ओले बूट पुन्हा पायात चढवले. पावसाने त्या पंधरवड्यात उसंत घेतली नव्हती, आणि असा उतार रातोरात खाली येतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

तहसीलदारांना पटवायला वेळ लागला नाही. वाडीला पटवायला लागला. हेमांगी दारोदार फिरली. तिने पाटावर तांदूळ पसरून, पाट तिरका करून दाखवला. सगळा तांदूळ एकदम कसा सुटतो, ते बघून बायकांनी पदर तोंडाला लावले. चाळीसेक माणसं गाठोडी बांधून सड्यावरच्या केंद्राच्या सभागृहात राहायला आली. शेवटी उरल्या अनसूयाकाकी.

“विमानं दाखवतेस म्हनून दांडी लावलीस, आनि आता मला घराभायेर काढतेस?” त्या चुलीपुढून हलायला तयार नव्हत्या. “मी हितनं हलायची नाय.”

“काकी, तुम्ही नाही हललात तरी घर हलणार आहे. सुधाकरला मी काय सांगू?” हेमांगीने त्यांचा हात धरला. “माझं केंद्र जांभ्याच्या कातळावर आहे. तिथे काही व्हायचं नाही. मी शब्द देते.”

काकी उठल्या ते त्या शब्दावर.

आता हेमांगीला स्वस्थता मिळायला हवी होती, पण जिवाची तगमग उलट वाढली. सभागृहात पोरं उड्या मारत होती, बायकांनी मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली होती, आणि ती मात्र खोलीतून सभागृहात आणि सभागृहातून खोलीत अशा खेपा घालत होती. आकडा वाढतच होता. घरं आता हातभर सरकली होती. मुकादम रोज उतारावर जाई आणि चिखलाने माखून परत येई. त्याचा चेहरा दिवसेंदिवस कोड्यात पडल्यासारखा होत चालला होता.

“भेग नाही,” तो त्या दुपारी म्हणाला. “एक नाही. घरं हातभर गेली तर मागे जमीन फाटली पाहिजे. विहिरीचं पाणी गढूळ झालं पाहिजे, माड कलले पाहिजेत. काकींच्या भिंतीचा गिलावासुद्धा तडकलेला नाही. रेडीज, मला केसाएवढी भेग दाखव.”

“म्हणजे माझं गणित चुकलं?”

“गणिताचं मला कळत नाही. जमीन चुकत नाही, एवढं कळतं.”

“आणि उद्या उतार आला खाली, तर? तेव्हाही जमिनीला विचारशील?” तिचा आवाज चढला. तो चहा घ्यायला निघून गेला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

तिने सगळे आकडे पुन्हा काढले. घड्याळं तपासली, वायरींची लांबी तपासली, हवेतल्या बाष्पामुळे होणारा उशीर तपासला. सगळं तपासून झाल्यावर, केवळ हात रिकामा राहू नये म्हणून, तिने तो टाकून दिलेला उंचीचा रकाना उघडला. एका विमानावरून उंची डळमळीत येते हे खरं. पण इतक्या आठवड्यांच्या हजारो विमानांची सरासरी काढली तर? संगणकाने थोडा विचार केला आणि पाच आकडे पुढे ठेवले.

पाचही घरं वर चढली होती. चांगली दीड वीत.

पहिल्यांदा तिला हसू फुटलं. पूर्वेचा उतार घसरला, तर घरं पूर्वेला जातील आणि खाली जातील. पूर्वेला जाऊन वर चढणारी दरड अजून पृथ्वीवर झालेली नाही. मग तिचं हसू थांबलं. खाडीतली तर, म्हणजे प्रवासी होडी, सुटली, की तीत बसलेल्याला किनाऱ्यावरचा धक्का मागे जाताना दिसतो. धक्का कुठे जातो? तो असतो तिथेच. तिवरखोल पूर्वेला आणि वर गेलेली नव्हती. जिथून ती मोजत होती ती जागा पश्चिमेला आणि खाली चालली होती.

आणि त्या जागेत तिने चाळीस माणसं आणून ठेवली होती.

“मुकादम!” ती ओरडत धावली. “तू पश्चिमेची कड बघितलीस का? आपली?”

त्याने बघितली नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. कड पश्चिमेला चालली असेल, तर जमीन तिच्या मागे फाटणार, म्हणून दोघं पावसात इमारतीला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला आली. जनरेटरच्या खोलीमागे गुडघाभर गवत होतं. मुकादमने गवत बाजूला केलं आणि तो खाली बसला. जांभा फाटला होता. इमारतीच्या पायालगतच्या त्या भेगेत त्याने हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला.

“वर जांभ्याची टोपी, खाली पांढरी चिकणमाती,” तो म्हणाला. “पाणी मातीत मुरलं, आणि टोपी खाडीकडे घसरतेय. आपल्यासकट. सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता.”

सभागृहात जेवणं नुकतीच झाली होती. हेमांगी मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, “सगळ्यांनी घरी चला. सामान राहू दे.”

कोणी हललं नाही. विश्राम गोताड म्हणून वाडीतला जाणता माणूस होता. तो उठून उभा राहिला. “मॅडम, तो तांदळाचा पाट तुमीच दाखवलात. माजी नात झोपेत दचकून उठते तेच्यामुळं. आनि आता त्याच घरात परत जा म्हनता? आमी काय पत्त्यातली पानं आव, पिसायला?”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तिने घराची भीती इतकी चोख पटवून दिली होती, की आता ती काढणं तिच्याच हातात राहिलं नव्हतं. तिला रडू येत होतं, आणि रडायला वेळ नव्हता.

“मी चुकले,” ती म्हणाली. “तुमची घरं कधी हललीच नाहीत. हे केंद्र हलत होतं. मी स्वतःला स्थिर धरून तुम्हाला मोजत बसले. ज्याला पटत नसेल त्याने मागे जाऊन भेग बघावी, पण नातीला आधी बाहेर पाठवावं. विश्रामदादा, पाया पडते तुमच्या.”

ती खरोखरच वाकली. विश्रामने पाय मागे घेतले, आणि बायकोला म्हणाला, “पोरीला उचल.”

अनसूयाकाकी तोवर दाराशी पोचल्याही होत्या. त्यांना समजावण्याची गरजच नव्हती. त्या पहिल्या दिवसापासून घरीच जायला बघत होत्या. त्यांच्या मागून सगळी वाडी भिजत उतार उतरली. शेवटची हेमांगी आणि मुकादम. त्याने तिला दोनदा ढकललं, कारण ती मागे वळून माणसं मोजत होती.

काकींच्या पडवीत हेमांगी ओल्या कपड्यांनीच टेकली. काकींनी चूल पेटवून चहा ठेवला. कोनाड्यातला विमानांचा पडदा डब्यातल्या बॅटरीवर अजून चालू होता. हेमांगीने त्यावर तिवरखोलच्या घरांचे आकडे आणले. सड्यावरचं संदर्भकेंद्र अजून ऐकत होतं, अजून शून्य होतं.

काकींनी तिच्या हातात कप दिला. पडद्यावरचा आकडा तेव्हाच पळायला लागला. खेराडे यांचे घर, पूर्वेकडे एक मीटर. तीन मीटर. नऊ. पाचही घरं धावत सुटली होती. हेमांगीने कपाकडे पाहिलं. चहाची साय जागची हलली नव्हती. एकवीस मीटर. चाळीस. मग सड्याच्या पलीकडून, खाडीच्या अंगाने, गडगडाट आला आणि बराच वेळ चालला. वाडीतली कुत्री भुंकायला लागली. विश्रामची नात आईला बिलगून रडत होती, पण ती होती. हेमांगीने तोंड ओंजळीत झाकलं आणि हुंदके दिले. काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“गेलं ते गेलं गो बाय. मानसं हायत नव्हं?”

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. पडदा थोडा वेळ कोरा होता, आणि आता त्यावर नवी ओळ उमटली होती. संदर्भकेंद्राचा आवाज बंद पडला, की पुण्याचा संगणक नेमून दिल्याप्रमाणे त्या भागातली सर्वांत जुनी दांडी निवडतो आणि तिला शून्य धरून हिशेब पुढे चालू ठेवतो. ते काम त्याने इमानेइतबारे केलं होतं.

“काय लिवलंन?” काकींनी विचारलं.

हेमांगीने वाचून दाखवलं. “नवे संदर्भकेंद्र: खेराडे यांचे घर, तिवरखोल. विचलन शून्य.”

“शून्य म्हंजे आमचं घर जागच्या जागी हाय, आसंच ना?” काकींचा चेहरा उजळला. विश्रामने बसल्या जागेवरून हात जोडले.

केंद्राच्या नावापुढेही आज दुपारपर्यंत हाच शब्द होता. पहिल्या दिवसापासून, भेग हातभर खोल गेली तेव्हाही, शेवटच्या क्षणापर्यंत. जे घर शून्य धरलं त्याच्यापुढे आकडा कधीच चढत नाही. मग ते उभं असो की चाललेलं.

तिने कप खाली ठेवला.

“काकी, तुमच्या परसात मी जरा हिंडून येते,” ती म्हणाली.

मुकादमने काही न विचारता छत्री उघडली.