समोरचा गाळा

"आई गं!"

मंजिरीच्या टेबलाखालून आवाज आला. पाठोपाठ डोकं चोळत एक माणूस बाहेर आला. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या त्या जुन्या पिठाच्या गिरणीत अँटीक सेंटर सुरू होऊन बारा वर्षं झाली होती. तिथे आजवर कोणी 'आई गं' म्हटलं नसावं.

"तू मराठी?" मंजिरीने विचारलं.

"मी देव. समोरचा गाळा माझा." तो अजून जमिनीवरच बसला होता. "सॉरी हं... तुझ्या टेबलची पाय हलत होती. म्हणून जरा —"

"हलत होता."

"कोण?"

"पाय."

तो हसला. मंजिरी हसली नाही. पण चेहरा वळवायला तिला जरा वेळ लागला. बाहेर फेब्रुवारीची भुरभुर चालू होती. साल दोन हजार पाच.

मंजिरी नागपूरची, तेहेतीस वर्षांची. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. सात वर्षांपूर्वी नवऱ्याला इकडे नोकरी मिळाली म्हणून स्वतःची नोकरी सोडून ती आली. लग्न तीन वर्षं टिकलं. त्यानंतर रविवारी सकाळी मैदानांवर भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारांत ती हिंडू लागली. चहाच्या किटल्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे... फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा तिने हा गाळा भाड्याने घेतला.

देवचा जन्म लंडनमधल्या हाउन्सलोचा. तो मोडकं फर्निचर आणायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. त्याच्या हाताला कायम मेणाचा वास यायचा.

सेंटरचा एक नियम होता. गाळेवाल्यांनी महिन्यातून दोन रविवार काउंटरवर बसायचं. मालकीणबाई पॉलीन यांनी या दोघांची जोडी लावली — मुद्दाम की सहज, ते त्याच जाणोत.

"तुझं मराठी कोणी शिकवलं?" एका रविवारी मंजिरीने विचारलं.

"आईने. ती रागावली की मराठी बोलते. म्हणून मला रागाचे शब्द सगळे येतात. प्रेमाचे... थोडे कमी."

"बरंय."

"काय बरंय?"

"गिऱ्हाईक आलंय."

असं वर्षभर चाललं. गिऱ्हाईक नसलं की दोघं मंजिरीच्या गाळ्यातल्या वेताच्या दोन खुर्च्यांवर बसून थर्मासमधला चहा प्यायची. तो मेण लावायचा, ती डबे पुसायची. कधी दोघांची नजर एकाच वेळी वर जायची आणि एकाच वेळी खाली यायची. यापलीकडे काही घडलं नाही.

मग कंपनीने मंजिरीला बढती देऊन दूर स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला पाठवायचं ठरवलं. तिने ते देवला चहा ओतता ओतता सांगितलं.

"ग्रेट," तो म्हणाला. त्यानंतर दिवसभर तो एकच ड्रॉवर घासत बसला.

मंजिरीने गाळा सोडत असल्याची नोटीस दिली. तिने सामानावर अर्ध्या किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी देव जरा उशिरा आला आणि तिच्या गाळ्यासमोर थबकला.

"खुर्च्या कुठे गेला?"

"गेल्या. आत्ताच विंडसरच्या एका आजींनी नेल्या."

"दोन्ही?"

"जोडी होती ती."

"मी घेणार होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं... तुला माहीत आहे."

मंजिरीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "देव, मला काहीही माहीत नाही. न बोलता सगळं समजून घ्यायचं, हे मी एकदा करून बसलेय. नवरा 'ये' म्हणाला नव्हता. मीच समजून घेतलं आणि आले. आता मी कोणासाठी जाणार नाही आणि कोणासाठी थांबणारही नाही."

"थांब कोण म्हणतंय?"

"मग?"

गिऱ्हाइकांनी दोनदा बेल वाजवली. काउंटरकडे कोणी गेलं नाही.

"मी येऊ?" तो म्हणाला. "ग्लासगोला? तिकडेही लोक फर्निचर मोडतच असतील."

मंजिरीने खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं.

"आईला काय सांगशील?"

"सांगितलं. गुरुवारी."

"मला सांगायच्या आधी?"

"आई सोपी आहे," देव म्हणाला. मग अडखळत, "इंग्लिशमध्ये मला म्हणता येईल गं. तीन शब्द. पण तुला मराठीत सांगायचं होतं, आणि मराठीत ते... फार मोठं वाटतं."

"मराठीत तसं कोणी म्हणतच नाही."

"मग काय म्हणतात?"

"विचारतात... जेवलीस का."

सकाळचे साडेदहा वाजले होते. देवने तिच्याकडे नीट पाहिलं. यावेळी त्याने नजर खाली नेली नाही.

"जेवलीस का?"

"नाही," मंजिरी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचं स्वतःलाच नवल वाटलं.

पहिल्या तारखेला ती एकटीच ट्रेनने ग्लासगोला गेली. देव हातातली कामं उरकून सहा आठवड्यांनी व्हॅन घेऊन आला. तिच्या गल्लीत पार्किंग मिळेना. मग मंजिरी चपला अडकवून खाली उतरली आणि व्हॅनच्या पुढे चालत, हाताने खुणा करत, त्याला जागा शोधून देऊ लागली.