खुर्ची खालून धरणारा

"अहो, नुसते बघताय काय? धरा की खालून!"

त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. लाजणं नाही, मुरडणं नाही… जिन्याच्या मधोमध मी, हातात चाकाची खुर्ची, आणि खाली एक पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला माणूस तोंड वर करून उभा. माझे हात भरून आलेले. दुसरं काय म्हणणार?

बिचाऱ्याने बॅग पाठीला अडकवली आणि धरली. वर पोहोचेपर्यंत त्याच्या शर्टावर टायरचा काळा पट्टा उमटला होता.

"कुणाकडे आलात?" मी विचारलं.

"तुमच्याकडेच," तो धापा टाकत म्हणाला. "नागरी निधीच्या समितीतून. पाहणीला."

झालं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मावशी आणि मी मिळून एक छोटी संस्था चालवतो. लोकांच्या अडगळीतल्या चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या आणायच्या, दुरुस्त करायच्या आणि ज्याला गरज असेल त्याला फुकट वापरायला द्यायच्या. सगळं छान, फक्त आमची खोली पहिल्या मजल्यावर! लिफ्ट नाही. म्हणजे ज्यांना चालता येत नाही, त्यांनी जिना चढून यायचं. त्यात डॉक्टरांनी मावशीला जिना बंद करायला सांगितलेलं, तरी ती चढायचीच. समोरच रस्त्यालगत एक गाळा रिकामा होता. निधी मिळाला तर तो गाळा, नाही तर मावशी घरी आणि संस्थेला कुलूप. मी एकटी किती ओढणार?

"आमची मिरची आहे ही," मावशी त्याला पाणी देत म्हणाली. "मनावर घेऊ नका हं."

"छे, उलट बरं झालं. जिन्याबद्दल अर्जात वाचलं होतं. पण आज… पाठीला कळलं."

मी हसू दाबलं. तोही हसला… आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

पाहणी एकदाच असते. हा मात्र पुढच्या आठवड्यात परत हजर. म्हणे, एक प्रश्न राहिला. त्यानंतर पुन्हा आला तेव्हा मी दारातच अडवला.

"आज कुठला प्रश्न?"

"आज प्रश्न नाही. आज… शर्ट काळा आहे."

मावशी माझ्या कानाशी लागली. "स्थळपाहणी म्हणतात ती हीच का गं?"

"मावशी, हळू!"

तो खाली बसून एका खुर्चीचा ब्रेक बसवत होता. खोलीत रबराचा आणि तेलाचा वास, त्याच्या कपाळावर ग्रीसचा डाग.

"हा लागत नाहीये," तो म्हणाला.

"जरा ओढून बघा."

"ओढला. काही केल्या थांबतच नाही…" आणि बघत होता माझ्याकडे!

"दुसरा पाना घ्या," मी म्हणाले आणि उगाचच डबे आवरायला लागले. कान नुसते तापले होते माझे.

मग समितीसमोर बोलण्याचा दिवस आला. लांब टेबल, पलीकडे समितीची माणसं, मधे निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या अध्यक्षबाई. एक मत तरी आपलं पक्कं, असं मनाशी धरून मी उभी राहिले, तर हा पठ्ठ्या खुर्ची मागे सारून उठला.

"मॅडम, या अर्जापुरता मी बाहेर बसतो."

अध्यक्षबाईंनी कागदांतून मान वर केली.

"का बरं?"

"नियम आहे ना. अर्जदाराशी संबंध असेल तर मत द्यायचं नाही."

"नातेवाईक आहेत तुमच्या?"

"नाही."

"मग संबंध कसला?"

"तसा… अजून काही नाही. म्हणजे, माझ्या बाजूने आहे. त्यांना विचारायचं राहिलंय."

"अगं बाई!" मागून मावशी. कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बसा बाहेर. आणि अशा गोष्टी आधी त्यांना सांगाव्यात, मग समितीला."

पाठ केलेलं भाषण माझ्या डोक्यातून साफ उडालं. राहिला तो फक्त राग. त्या रागातच मी बोलले. एक आजोबा आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून हाक मारतात, मी वरून ओरडून विचारते, उजवं चाक का डावं? "आमचं कौतुक नकोय," मी म्हणाले. "त्या आजोबांना एकदा आत येऊन बसता यावं, एवढंच."

बाहेर तो बाकावर बसला होता.

"शहाणेच आहात! हक्काचं एक मत घालवलंत. आजच हरिश्चंद्र व्हायचं होतं?"

"मत दिलं असतं," तो हळूच म्हणाला, "आणि गाळा मिळाला असता, तर तुम्ही मला मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकला असतात? आणि 'हो' म्हणालात, तर ते मला का मताला… कसं कळणार मला?"

मी उगाचच पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"आणि निधी नाहीच मिळाला तर?"

"तर खुर्च्या वर न्यायला येत जाईन."

"निकाल लागेपर्यंत एक शब्द बोलणार नाही मी तुमच्याशी!" म्हटलं आणि तरातरा निघाले. त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही.

निकालाचा फोन मावशीने घेतला. निधी मंजूर! तिने डोळे पुसले ते नेमके तेलाच्या फडक्याने. काळ्या तोंडाने ती मला मिठी मारून रडली, मीही रडले.

सामान हलवायच्या दिवशी तो आला. शर्ट पांढरा.

"डाग पडेल," मी म्हणाले.

"पडू दे."

शेवटची खुर्ची घेऊन आम्ही उतरत होतो, तो खालून, मी वरून. अर्ध्या जिन्यात मी थांबले.

"गाळा तुमच्या मताशिवाय मिळाला."

"हो."

"म्हणजे तुमचे माझ्यावर काडीचेही उपकार नाहीत."

"नाहीत."

"काही देणं लागत नाही मी तुमचं."

"अजिबात नाही."

"मग… हो."

"काय हो?"

"विचारायचं राहिलंय म्हणाला होतात ना? त्याचं उत्तर. हो!"

त्याचा हात सुटला की हो! खुर्चीचा सगळा भार माझ्या हातांवर आला. तो मात्र माझ्याकडे बघत उभा, तोंडभर हसत, नुसता वेड्यासारखा. खालून, गाळ्याच्या दारातून आजोबांची हाक आली, "अगं पोरी, येतेयस ना? कधीचा बसलोय!"

"अहो," मी ओरडले, "नुसते बघताय काय? धरा की खालून!"