तिच्या श्वासाइतकं गाणं

ती तरातरा जिना चढून वर आली, तेव्हा तो ड्रम बडवत होता. वर बँडच्या सरावाची खोली, खाली दातांचा दवाखाना, आणि ती तिथली नर्स.

"डॉक्टर विचारतायत, किती वेळ चालणार आहे हे?"

"गाणं बसेपर्यंत."

"खुर्चीतला पेशंट म्हणतोय, माझा दात राहू दे, आधी वरच्याचे हात काढा!"

गिटारवाला फिस्सकन हसला. तिलाही हसू आलं... आणि ड्रमवाल्याचा ताल चुकला.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती पुन्हा आली. दाराला टेकून ऐकत राहिली. "ओरडायचंच आहे तर नीट तरी ओरडा की," म्हणाली आणि स्वतःच गायली. त्या दिवसापासून ते गाणं तिचं झालं. रेकॉर्ड निघाली, गाजली. अख्खं कडवं ती एका दमात म्हणायची आणि मग मागे वळून त्याच्याकडे बघायची.

लग्नाचंही त्याने ड्रममागूनच विचारलं.

"मोठ्याने बोल, ऐकू येत नाही."

"आलंय तुला ऐकू."

"आलंय... पण पुन्हा म्हण ना."

बऱ्याच वर्षांनी तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला. आधी जिना चढवेना, मग सलग बोलवेना. एका संध्याकाळी ती म्हणाली, "ते गाणं मला पुन्हा करायचंय. पूर्ण. आवाज आहे तोवर."

पलंगावर बसून दोघं ते नव्याने बांधू लागली. पट्टी खाली आणली. एका दमाचं कडवं दोन दमांत बसवलं, मग चार. थोड्याच दिवसांत तेवढाही दम पुरेनासा व्हायचा, की पुन्हा ओळी तोडायच्या. ड्रमऐवजी तो उशीवर, ड्रमच्याच तारांच्या ब्रशने, वाजवू लागला. एक-दोन-तीन-चार मोजून सुरुवात करणं त्याने सोडलं. तिचे खांदे उचलले की तो थांबायचा, खाली आले की ठोका द्यायचा.

ऑक्सिजनच्या यंत्राची सूं सूं मात्र बंद करता येईना.

"असू दे," ती म्हणाली. "नवा वादक आहे. तुझ्यापेक्षा तालात आहे!"

रेकॉर्डिंगसाठी गिटारवाला घरीच माईक घेऊन आला. गाणं छान चाललं होतं. शेवटच्या ओळीपाशी तिने श्वास घेतला... आणि ओठ नुसतेच हलले. तिने बोटाने खूण केली — तू वाजव, थांबू नकोस.

"उद्या घेऊ ती ओळ," ती नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आवाज फुटलाच नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

गिटारवाल्याने जुन्या रेकॉर्डवरची शेवटची ओळ उचलली, पट्टी उतरवून नव्या गाण्याला जोडली. "ऐक तर खरं. वहिनींची इच्छा पुरी होईल."

त्याने ऐकलं. तिच्या थकलेल्या आवाजामागून एकदम ती पोरगी आली — ठणठणीत, खुशीत. तिला पुढचं काहीच माहीत नव्हतं.

"काढ ते."

"अरे, गाणं अर्धवट राहील."

"राहू दे."

गिटारवाल्याने ओळ काढली आणि शेवट पुन्हा लावला. आता तिथे यंत्राची सूं सूं होती आणि उशीवरचे ठोके. ओळ जिथे संपायला हवी होती, तिथपर्यंत ते एकटेच गेले. मग तेही थांबले.