मधला आरसा

काम साधं होतं. मुलीची गाडी गॅरेजमधून ताब्यात घ्यायची. उभ्या गाडीला ट्रकने समोरून ठोकलं होतं, आत कुणी नव्हतं. दीड महिना काम चाललं, पुढचा अर्धा भाग बदलला. दुसऱ्या दिवसापासून मुलगी सव्वा वर्षाच्या नातवाला मागे बसवून पाळणाघर आणि ऑफिस गाठणार होती.

"बाबा, नीट बघा आणि मगच सही करा," ती म्हणाली. चौतीस वर्षं सरकारी खात्यात मी सह्याच केल्या. क्वचित बघितलंही.

दुपारी तीनला यादी घेऊन गेलो. एकवीस कलमं. बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, रंग उन्हात वेगळा दिसतो का, टायर एका अंगाने झिजलेत का. मेस्त्री बाजूला उभा होता.

"काका, भिंग नाही आणलंत?"

"चष्मा पुरतो."

आत बसलो. मधला आरसा खाली, डावीकडे झुकलेला. मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी त्यात मागच्या सीटचा कोपरा दिसत होता. सरळ केला. दिवे बघायला उतरलो, परत येऊन बसलो, तर आरसा पुन्हा खाली.

"मेस्त्री, हा ढिला आहे."

"ओढून बघा."

घट्ट होता. पुन्हा सरळ करताना मनगट दुखलं. या वेळी उतरलो नाही. हॉर्नच्या कलमापुढे खूण केली आणि मान वर केली. आरशात मागची रिकामी सीट. ऑइलच्या त्या वासात कुठून तरी लहान बाळाच्या पावडरीचा वास येत होता.

"आम्हीपण रोज सरळ करतो," मेस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला. "नवा मिळेना. भंगारातल्या गाडीचा बसवला... याच मॉडेलची. पुढून ओरखडा नव्हता, काका. मागून पार चेपलेली."

"कोण होतं आत?"

"बाई चालवत होत्या म्हणे. त्यांना खरचटलंही नाही... तेव्हा."

मागे कोण होतं, हे मी विचारलं नाही.

यादी पाहिली. 'आरसे तीन, तडा नसणे.' तडा नव्हता. आपण होऊन वळण्याबद्दल कलम नव्हतं. शेरा लिहायला जागा होती, पण काय लिहिणार? दुसरा आरसा यायला महिना लागणार होता, आणि मुलगी उद्याच निघणार होती. यादीत नाही ते आमच्या खात्यात नसतंच. मी सही केली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"बाबा, आरसा काय मस्त लावलाय! पिल्लू अख्खं दिसतं."

"सरळ करून घे गं."

"करते की. परत तसाच होतो. जाऊ दे, सोयीचं आहे. आणि ऐका ना, आज तो पहिल्यांदा 'आई' म्हणाला! मी टायरमध्ये हवा भरत होते, काच उघडी होती. उठून बघते तर आरशाकडे दोन्ही हात पसरलेले."

"आरशात तू दिसली असशील."

"अहो, मी कुठली दिसतेय... मी मागच्या चाकापाशी खाली बसले होते."