कोपऱ्यातल्या मावशी

ही गोष्ट खरी आहे. खोटी लिहायची असती तर इतकी साधी लिहिली नसती.

जागा नागपूरचं हुडकेश्वर. माझा पुतण्या प्रशिक, त्याचं नवं घर; मीही तिथंच असतो. दिवस गेल्या वर्षीच्या नवतप्याचे, मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांचे. रात्र नव्हती. अशा गोष्टीला रात्र लागते हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवसांत नागपूरचा माणूस रात्रीच जरा बाहेर निघतो. रस्ते ओस पडतात ते दुपारी.

तेव्हा दुपारच धरून चाला.

आणखी एक. आमच्या घराण्यात भूतबित नाही. माझ्या वडिलांनी, धोंडबांनी, छप्पन साली देव सोडले, त्याच दिवशी भुतंही सोडली. मग आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नाही. तीही आमच्या वाटेला आली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

प्रशिकच्या बायकोला, प्रीतीला, मुलगी झाली. सिझर झालं. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण प्रीतीची आई वारलेली. म्हणून सासरीच केलं. सासू भीमाबाई, म्हणजे माझी वहिनी, कामाला वाघ. मालिश, शेक, डिंकाचे लाडू... कशात काही कमी नव्हतं.

फक्त प्रीतीला झोप नव्हती.

बाळ झोपलं की पाहुणे यायचे. पाहुणे गेले की बाळ उठायचं. टाक्यांमध्ये कळ होती. छातीत दुधाच्या गाठी झाल्या होत्या, हात लागला की डोळ्यांत पाणी यायचं. येणारा विचारायचा, बाळ कसं आहे? दूध पुरतं ना? नाक कोणावर गेलं? नाकावर तर दोन्हीकडच्या मंडळींत रीतसर वाद झाला.

प्रीती बसून ऐकायची. हळूहळू तिला वाटायला लागलं, की ही सगळी माणसं काचेच्या पलीकडे बोलताहेत. मांडीवरचं बाळही पलीकडचंच. कोणीतरी आपल्याला जरा धरायला दिलंय, आणि परत न्यायचं विसरलंय.

हे ती कोणाला बोलली नाही. बाळंतिणीनं हसतमुख राहावं, असं तिला दिवसातून चारदा सांगितलं जात होतं.

एके दुपारी तिचा डोळा लागला. दचकून उठली...

बाळ शेजारी नव्हतं.

कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. बाळ तिच्या मांडीवर. पाहुण्यांसाठी भिंतीला ठेवलेलीच ती खुर्ची. साडी फिकी. चेहरा ओढलेला. डोळ्यांखाली काळं.

"झोप वं. मी आहे ना," ती म्हणाली.

प्रीती झोपली. किती दिवसांनी झोपली.

बाई दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. भर दुपारी, घर पेंगुळलं की. कधी आली ते कळायचं नाही. फाटकाची कडी वाजायची नाही. चपलांच्या ढिगात एक जोड वाढायचा नाही. कूलरची घरघर चालू असायची, आणि मान वळवली की...

ती बसलेली असायची.

आता तुम्ही म्हणाल, कोणी विचारलं कसं नाही? विचारणार कोण? प्रीतीला वाटलं, सासरची कोणी मावशी असेल. लग्नाला दोन वर्षं झालेली, सासरची सगळी माणसं अजून ओळखीची नव्हती. मोठ्या बाईला तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर सून शिकलेली असून उद्धट आहे, हे त्याच दिवशी कामठीला नणंदेपर्यंत पोचलं असतं. भीमाबाईला वाटलं, प्रीतीच्या माहेरची असेल, आई नाही म्हणून आली बिचारी. तिला विचारलं, तर हिशेब करते सासू, असं झालं असतं. प्रशिकनं दोनदा पाहिलं आणि नमस्कार केला. घरातल्या बायकांची चौकशी करायची नसते, एवढं शहाणपण त्याला लग्नानं दिलं होतं.

भीमाबाई रोज तिच्यासाठी चहा ठेवायची. मी स्वतः एकदा खोलीच्या दारातून पाहिलं, आणि म्हटलं, "राहू द्या, बसा."

चहा कधी प्यायलेला नसायचा. कपावर साय धरलेली असायची. भीमाबाई म्हणायची, माहेरची माणसं संकोची आहेत.

मावशींनी काही मागितलं नाही. नाकाबद्दल मत दिलं नाही. त्या फक्त प्रीतीकडे बघायच्या.

"थकली ना?" त्या विचारायच्या.

प्रीतीला रडू यायचं. हा एक प्रश्न त्या घरात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

मग झोप पुन्हा येईनाशी झाली. मावशी असल्या तरी. प्रीती छताकडे बघत पडून राहायची. आपण नसलो तर हे घर किती शांत चालेल, असं तिच्या मनात यायचं. विचार यायचा आणि जायचा नाही, खोलीत बसून राहायचा. अंगात कणकण होती. ताप कोणी मोजला नाही, कारण बाळाचं अंग थंड होतं.

अशाच एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला. एवढी शांतता झाली, की...

बाळाचा श्वास ऐकू यायला लागला.

मावशींनी हात पुढे केले. प्रीतीनं बाळ दिलं.

"इथं नाही लागणार तुले झोप," मावशी म्हणाल्या. "वर जा. वर लय झोप आहे."

प्रीतीला हे अगदी बरोबर वाटलं.

ती जिना चढली. टाके ओढत होते, पण दुखणं जणू दुसऱ्या बाईचं होतं. गच्चीचं दार उघडं होतं. नव्या घराची गच्ची, कठडा अजून व्हायचा होता. वर ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते. पाय अनवाणी...

आणि फरशी गार लागत होती.

पलीकडे, गच्चीच्या काठाला, कोणीतरी गादी घातली होती. पांढरी चादर. उशी. प्रीती तिकडे चालायला लागली. मागं कुणाचं पाऊल नव्हतं, पण कानाजवळ कोणीतरी जांभई देत होतं...

लांब. सुस्त. थकलेली.

एवढ्यात खाली बाळ रडलं.

प्रीती थांबली नसती. तिनं मला नंतर तसं सांगितलं. मनानं ती कधीच पोचली होती. पण अंगानं ऐकलं नाही. बाळाच्या आवाजासरशी छातीत कळ आली, पान्हा फुटला, गाऊन ओला झाला. त्या गरम ओलीनं ती भानावर आली. आणि तळवे भाजले.

समोर गादी नव्हती. पुढचं पाऊल टाकायला फरशीही नव्हती.

जिन्यावरची पावलं ऐकून भीमाबाई धापा टाकत वर आली. तिनं प्रीतीचं मनगट धरलं ते जिना उतरेपर्यंत सोडलं नाही.

"उन्हात काय करून राहिली वं? लेकरू कोणाजवळ ठेवलं?"

"मावशीजवळ."

"कोणत्या मावशीजवळ?"

"तुमच्या."

भीमाबाई जिन्यातच थांबली.

"माह्या?" ती म्हणाली. "मले वाटलं, तुह्या माहेरची आहे."

दोघी खोलीत आल्या. बाळ पलंगाच्या मधोमध होतं, दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या. खुर्ची रिकामी. कपात चहा, वर साय. समोरच्या खोलीत बाहेरच्या दाराकडे तोंड करून मी पेपर वाचत बसलो होतो.

माझ्यासमोरून कोणी गेलं नाही.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ताप मोजला. टाक्यांच्या आत पू झाला होता. मग त्यांनी प्रीतीला एकटीला बसवून बराच वेळ विचारपूस केली. बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतो, अंगावर काढायचा नसतो. तिला औषध द्या, झोपू द्या, एकटी सोडू नका. नसलेलं माणूस दिसणं हा त्यातलाच भाग, आणि तो तातडीनं दाखवायचा असतो.

आम्हाला पटलं. प्रीतीला गोळ्या सुरू झाल्या. गुण आला. रात्री प्रशिक उठायला लागला, पाहुण्यांना फाटकावरून परत पाठवलं.

फक्त मला एक विचारायचं राहून गेलं. गोळ्या प्रीतीला दिल्या. रोज चहा नेऊन ठेवणाऱ्या भीमाबाईला काय द्यायचं? आणि "राहू द्या, बसा" म्हणणाऱ्या मला?

आता प्रीती बरी आहे. मुलगी धावते. एवढंच, की कोणाच्या घरी बाळ बघायला गेली, तर ती बसलेल्या प्रत्येक बाईला नाव विचारते. लोकांना राग येतो. येऊ दे.

तीन दिवसांपूर्वी ती कामठीला गेली. नणंद भावना तिथं दुसऱ्यांदा बाळंत झाली, तिच्या सासरीच. प्रीतीनं सगळ्यांची नावं विचारून घेतली. सगळी खरी निघाली. मग भावनाजवळ बसली, तर भावना म्हणाली, "वहिनी, तू कालपासून ज्या बाईले पाठवून राहिली ना, तिच्यामुळं दुपारी जरा पडते मी."

प्रीतीनं कोणालाच पाठवलं नव्हतं.

ती परत आली नाही. भावनाच्या पलंगाला लागून चटई टाकून राहिली आहे. भावनाला उद्या धंतोलीला, त्याच डॉक्टरीणबाईंकडे आणायचं ठरलंय. रोज दुपारी मी फोन करतो.

आजही केला. मागं बाळ रडत होतं. प्रीतीचा आवाज जड होता.

"काकाजी, रात्रभर जागीच होती. पाचच मिनिटं पाठ टेकवते..."

"टेकवू नको," मी म्हटलं.

फोन चालूच होता. बाळ रडत होतं. मग...

बाळ गप्प झालं.

मी हॅलो हॅलो करत राहिलो. दुसऱ्या फोनवरून भावनाच्या सासूबाईंना लावला. म्हटलं, आधी खोलीत जाऊन बघा. त्या गेल्या, बघून आल्या, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, ओरडू नका, दोघी छान झोपल्या आहेत.

"आणि बाळ?"

"मांडीवर आहे की."

"कोणाच्या?"

"आता एवढ्या बाया येतात, आपल्यातलीच कोणी असेल," त्या म्हणाल्या. "थांबा, तिच्यासाठी चहा टाकते."