टेपचं दुसरं टोक

“पाय का काढलात?” शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं.

“ब्रेकचं पेडल थरथरलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, काहीतरी तुटलं.”

“काही तुटलेलं नाही. ओल्या रस्त्यावर चाकं घसरू नयेत म्हणून गाडीच धडपडत असते, त्याची ती थरथर. ती धडपडायला लागली आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिला सोडलंत.”

हे त्याने इतकं हळुवार सांगितलं की तिला लगेच संशय आला. इतक्या हळुवारपणे बोलायला माणसाला कुणीतरी पगार देत असणार. तिने मान वळवून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, छातीवर गाडीच्या कंपनीचं चिन्ह, आणि डोळ्यांत कसलंतरी हसू – दाबून ठेवलेलं, पण पुरतं न दाबलेलं.

इथे काहीतरी पाणी मुरतंय, ती मनाशी म्हणाली.

खरंतर पाणी मुरत नव्हतं, नुसतं साचलं होतं. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर एक टँकर सकाळपासून पाणी शिंपडत फिरत होता. नारिंगी शंकू ओळीने मांडलेले होते. एका मोटार कंपनीने हा खेळ मांडला होता: या, आमच्या वेगवान गाड्या पळवा, करकचून ब्रेक मारा, शंकूंमधून नागमोडी काढा. शेजारी आमचा प्रशिक्षक बसेल. आणि पास असला की हे सगळं फुकट.

फुकट. या शब्दाशी तिचं कधी जमलंच नव्हतं. ती विमा कंपनीत गाड्यांची तपासणी करायची. ठोकलेली गाडी आली की हिने जायचं, वाकून बघायचं, मोजायचं आणि मालक खरं बोलतोय की थापा मारतोय ते ठरवायचं. “मॅडम, कुत्रं आडवं आलं” हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की शहरातली सगळी कुत्री गाड्यांना आडवं जायलाच जन्माला आली असावीत, असं तिला वाटे. ऑफिसात तिला मागून शंकासुर म्हणत. पुढूनही म्हणत, कारण ती चिडत नसे.

त्या ऑफिसच्या पत्त्यावरच हा पास आला होता. तिच्या नावाने, दोघांसाठी, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. कुणातरी गॅरेजवाल्याची ही चाल, तिने ताडलं. आज पास, उद्या ‘मॅडम, तेवढी आमची फाइल बघा’. चोर पकडायचा तर त्याच्या जेवणावळीला जावंच लागतं, म्हणून ती आली होती. आणि सोबतीला वहिनी – जिला फुकट हा शब्द भाषेतला सर्वांत गोड शब्द वाटे. वहिनी आपली फेरी मारून, पाच-सहा शंकू आडवे करून, आता मांडवात दोघींच्या पर्सा सांभाळत कॉफी पीत बसली होती.

“पुन्हा करू या?” तो म्हणाला. “या वेळी काही झालं तरी पाय काढायचा नाही.”

“आणि गाडी थांबली नाही तर?”

“तर आपण दोघं टँकरवाल्याच्या मांडीवर जाऊन बसू. तो चांगला माणूस आहे.”

तिला हसू येणार होतं. तिने ते आवरलं.

गाडी सुटली. शंकू भराभरा मागे पळू लागले, काचेवर पाण्याचे शिंतोडे उडाले, आणि “आता” असं तो म्हणताच तिने सगळा जीव पायात आणला. पेडल थरथरलं… तिने दात आवळले… पाय तसाच ठेवला. गाडी सरळ रेषेत, मान खाली घालून, थांबली.

सगळीकडे शांत झालं. वायपर काचेवरून एकदा इकडून तिकडे गेला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं – त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. तिच्या शेजारी बसणारा प्रत्येक माणूस दारावरची मूठ धरतो. तिचा सख्खा भाऊ धरतो. याने धरली नव्हती.

“भीती नाही वाटली?” तिने विचारलं.

“तुमची? नाही.”

“का?”

“तुम्ही निघण्याआधी माझा पट्टा ओढून बघितलात. आरसे तपासलेत. खाली वाकून टायरसुद्धा पाहिलेत. इथे येणारे सगळे आधी आरशात स्वतःचे केस बघतात.”

स्तुती म्हणजे गाडीवरचं पॉलिश, त्याच्या खाली ओरखडा शोधायचा असतो, हे ती जाणून होती. पण… बरं वाटलं. बरं वाटलं याचाच जास्त संशय आला.

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा वायरलेस खरखरला. “खांब, ए खांब, तुझी पाहुणी आली का रे? का नाहीच आली?”

त्याने वायरलेसवर झडप घातली. पण उशीर झाला होता.

“खांब कोण?” तिने विचारलं.

“मी. सगळे तसंच म्हणतात.”

“आणि पाहुणी?”

तो काचेबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

“पास तुम्ही पाठवलात,” ती म्हणाली. तिचा आवाज आता ऑफिसचा झाला होता. “तुमचा कुठला क्लेम अडकलाय माझ्याकडे?”

“एकही नाही.”

“मग भावाचा? मित्राचा?”

“मला भाऊ नाही. मित्र हे असले, वायरलेसवर बोंब मारणारे. मॅडम, तुम्हाला मी खरंच आठवत नाही?”

“नाही.”

“दोन वर्षांपूर्वी… चंदेरी गाडी…”

“मागचा बंपर,” ती म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं. “डाव्या कोपऱ्यात पोचा. पिवळा रंग लागलेला. दिव्याची काच फुटलेली, पण बल्ब शाबूत.”

“बरोबर. त्या गाडीला एक मालकही होता.”

तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं. गाडी तिला लख्ख दिसत होती. मालकाच्या जागी नुसता एक धूसर शर्ट. तिचं हे असंच होतं. पोचे लक्षात राहत, माणसं राहत नसत.

आणि मग सगळंच आठवलं. “काय झालं?” असं विचारल्यावर तो माणूस म्हणाला होता, “माझीच चूक. मागे घेताना खांब दिसला नाही.” कुत्रं नाही, रिक्षा नाही, माझीच चूक. इतकं सरळ बोलणारा माणूस तिला तोवर भेटला नव्हता. त्यामुळे नक्कीच काहीतरी मोठं दडवतोय असं ठरवून ती थेट त्या वाहनतळावर गेली होती, खांब मोजायला.

“भर उन्हात तुम्ही खांबाची उंची मोजलीत,” तो म्हणाला. “रंगाचा पापुद्रा खरवडून कागदात घेतलात. रखवालदाराची उलटतपासणी केलीत. आणि मला म्हणालात, ‘हे टोक धरा, हलू नका.’ मी टेपचं टोक धरून उभा राहिलो. गाडी चालवायला शिकवणारा माणूस, खांबाला गाडी ठोकून त्याच खांबाला टेकून उभा. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती, आणि इतकं… छानही वाटलं नव्हतं.”

“छान काय त्यात?”

“माझ्या बोलण्याकडे कुणी तेवढं लक्ष दिलं नव्हतं.”

“मी खोटं शोधत होते.”

“माहीत आहे. सापडलं नाही तेव्हा तुमचा चेहरा किती पडला होता.”

या वेळी हसू तिच्या हातून निसटलंच. तिने ते परत गोळा केलं. “मग दोन वर्षं कुठे होतात?”

“या खेळाबरोबर गावोगाव. इथे आमची फेरी पहिल्यांदाच आली. फोन करावा असं खूपदा वाटलं, पण तुमचा नंबर नव्हता. ऑफिसात केला असता तर तुम्ही फाइल पुन्हा उघडली असती.”

ती उघडली असती. अगदी नक्की.

मांडवाजवळ गाडी थांबली. ऊन उतरलं होतं. माणसं शंकू उचलून एकात एक घालत होती, ट्रकची मागची फळी खाली सोडली होती. आज रात्री हे सगळं पुढच्या गावी निघणार होतं, आणि खांबही त्याच्यासोबत. विचारायचं ते आत्ताच. एवढी घाई झाली म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती उतरली. तोही उतरला. मध्ये गाडीचं गरम, टिकटिकणारं बॉनेट.

“तुम्हाला दर गावात एक पास मिळतो?” तिने विचारलं.

“हो.”

“मग आत्तापर्यंतचे कोणाला दिलेत?”

हा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. म्हणजे विचारायचा होता, पण असा नाही. आवाजात इतकी धाकधूक ठेवून नाही. तो अडखळला असता, किंवा त्याने घाईने नावांची यादी म्हणून दाखवली असती, तरी तिला जे कळायचं ते कळलं असतं.

तो बोटांवर मोजू लागला. “एक मामाला. एक घरमालकाला, भाडं वाढवू नये म्हणून. वाढवलंच त्याने. एक बसमध्ये विसरलो… बाकीचे वाया गेले. खरं वाटत नसेल तर मामाला विचारा.” त्याने मोबाइल काढला, नंबर शोधला आणि फोन तिच्यासमोर धरला. “घ्या, लावा. तो माझं चांगलंच सांगेल असं नाही हं. त्याच्या स्कूटरची हेडलाइट मीच फोडली होती.”

तिने फोन घेतला. पडद्यावर ‘मामा’. इतक्या वर्षांच्या नोकरीत समोरून आलेला साक्षीदार तिने एकदाही न विचारता सोडला नव्हता. अंगठा वर गेला… तिथेच राहिला.

त्याचे हात खिशात होते. तो ट्रककडे बघत नव्हता, घड्याळाकडेही नाही.

तिने ‘मामा’ मागे सारला. एकेक आकडा दाबून दुसराच नंबर लावला.

मांडवात तिचीच पर्स वाजली. वहिनीने कप खाली ठेवला, चष्मा वर सरकवला, फोन हातभर लांब धरून पाहिला. मग सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशी हाक मारली, “वन्सं, कुणाचातरी अनोळखी नंबर आहे हो. कापू का?”

“नको,” ती म्हणाली. बॉनेटच्या पलीकडे बघतच म्हणाली. “ओळखीचा आहे.”