खाणीकडचे बाण

दार लोटून घे आधी. वारा आत येतोय, आणि ही गोष्ट मला आवाज चढवून सांगायची नाही. सायकली आतच राहू द्या, भिंतीला टेकवून. मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं, काका, सगळे ग्रुप रस्त्यावर चुन्याचे बाण काढतात, मग आपणच का प्रत्येक फाट्यावर एक जिवंत माणूस उभा करतो? विचारलंत ना? मग ऐका.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलं. आमचे भाऊजी फरशी बसवतात. हॉस्पिटलं, हॉटेलं, अशी मोठी कामं. उतार मोजायची पाणसळ पिशवीत असते, पण ती काढायची वेळ क्वचित येते. दारात उभं राहून नुसत्या नजरेनं सांगतील, त्या कोपऱ्यात दोन सूत उतार आहे. पंचेचाळिशीला डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा बहिणीनं त्यांना माझ्या दुकानात आणून उभं केलं. म्हणाली, "दादा, यांना एखादी सायकल दे, नाहीतर हे गोळ्यांवरच पोट भरतील." मी खडीच्या रस्त्यावर चालणारी दिली. रुंद टायरची, वाकड्या हँडलची. वर्षभरात माणूस असा बदलला की रविवारी घरी सापडेना. डोंगरातल्या कच्च्या वाटा, जिथून दिवसभरात एखादा ट्रॅक्टर गेला तर गेला, त्या यांना तोंडपाठ. मग त्यांनी माझ्या भाचीलाही ओढलं. सोळा वर्षांची पोर, पण चढावर बापाला मागे टाकायची.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, शनिवार. अमावास्या चार दिवसांवर आलेली. दुसऱ्या दिवशी ग्रुपची फेरी होती, अडतीस किलोमीटर, एकतीस माणसं. भाचीची पहिलीच लांब फेरी. वाटेत सात फाटे होते आणि तिथे फोनला रेंज नाही, म्हणून आदल्या दिवशी फाट्यांवर बाण काढायचं काम भाऊजींनी घेतलं. भिजवलेल्या चुन्याचा डबा, एक ब्रश, दिवा, पाण्याची बाटली. चार वाजता निघाले. बहिणीला म्हणाले, "साडेसातला जेवायला येतो."

पहिले चार फाटे झाले. रस्त्याकडेच्या मोठ्या दगडावर बाण काढायचा, पुढे जायचं. भाऊजींचा बाण ओळखू येतो. फरशी कुठून कापायची याची खूण जशी करतात तसा, टोकाला बारीक आकडा असलेला. कामच ते, हात तसाच वळतो.

पाचव्या फाट्यावर पोचले तेव्हा पावणेसहा झाले होते. उजेड होता, पण जायच्या तयारीत. तिथून उजवी वाट वस्तीकडे जाते. डावी वाट दगडाच्या बंद पडलेल्या खाणीवर. ती वाट पाव किलोमीटर बरी जाते आणि मग एकदम संपते. कठडा नाही, पाटी नाही. खाली साठ फूट, आणि तळाला पाणी.

फाट्यावरच्या दगडाशी एक माणूस उभा होता. खाणीत काम करणाऱ्यासारखा, अंगभर पांढरी धूळ. भाऊजी उतरले, हसले, म्हणाले, "जरा सरकता का? बाण काढायचाय."

तो सरकला नाही. म्हणाला, "कुणासाठी?"

"उद्या सकाळी सायकलवाले येणार आहेत."

"किती?"

"एकतीस."

"मोजलेत?"

भाऊजींना वाटलं, थट्टा करतोय. म्हणाले, "मोजलेत की. माझी लेक धरून एकतीस."

त्या माणसानं चुन्याच्या डब्यात डोकावून बघितलं. मग म्हणाला, "लेक पुढे असते की मागे?"

आता सांगा, हा काय प्रश्न झाला? भाऊजींना राग आला. पण एकटा माणूस, संध्याकाळची वेळ, कशाला वाद घाला. तोंडातून उत्तर निघून गेलं होतं. "पुढे असते."

"बरं," तो म्हणाला, आणि दगडापासून बाजूला झाला. भाऊजींनी उजवीकडचा बाण काढला. पूर्ण वेळ तो पाठीशी उभा होता. पाठीला कळत होतं. सायकलवर बसताना त्यांनी निरोपाचं काहीतरी म्हटलं, त्यावर तो एवढंच म्हणाला, "आमच्या रस्त्यावर खुणा करून जाता."

पुढे चढ होता. सहाव्या फाट्यावर पोचेपर्यंत पूर्ण अंधार पडला. भाऊजींनी दिवा दगडावर मारला. दगडावर बाण होता.

आधीच काढलेला.

टोकाला बारीक आकडा असलेला.

बोट लावलं. ओला. आणि तो मागे वळलेला होता, आले तिकडे, पाचव्या फाट्याकडे.

तुम्ही काय केलं असतं? भाऊजींनी मनाशी म्हटलं, डोकं फिरलंय, उपाशी आहोत, साखर खाली गेली असेल. खिशातली खारीक खाल्ली. बाण पुसला, नीट काढला, निघाले. सातवा फाटा दोन किलोमीटरवर. तिथेही बाण. तिथेही ओला. तिथेही मागे वळलेला. डब्याचं झाकण उघडलं, तर निम्म्याहून जास्त भरलेला डबा रिकामा. तळ खरवडल्यासारखा.

सातव्या फाट्यापासून डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर. तिथून घर सहा किलोमीटर. सात वाजून दहा मिनिटं झालेली. सरळ घरी यायचं, उद्याची फेरी रद्द करायची, विषय संपला. मी त्यांना पुढे कितीदा तरी म्हटलं, भाऊजी, तुम्ही आलात का नाही सरळ? ते म्हणाले, "दादा, पाचव्याचं काय झालं असेल ते डोक्यातून जाईना. उद्या मी आजारी पडलो, वाटेत मेलो, आणि ही पोरं त्या बाणामागे गेली तर? पुढे कोण असतं?"

म्हणून ते मागे फिरले.

उतार होता, पण सायकल पळेना. नजरेनं उतार दिसत होता आणि पायाला चढ लागत होता. ज्या माणसाला दोन सूत कळतात, त्याला रस्ता कुठे उतरतोय हे कळेना. आठ वाजता फाट्यावर पोचले. तो माणूस नव्हता. बाण उजवीकडचा राहिला नव्हता. डावीकडे होता.

एक नाही. डाव्या वाटेवर दर दहा पावलांवर एक. खडीतल्या मोठ्या दगडांवर. दिव्यात चमकत होते, इतके ओले. खाणीपर्यंत.

भाऊजींनी सायकल आडवी टाकली. हँडलवरचा दिवा काढून हातात घेतला. पहिला बाण शर्टाच्या बाहीनं पुसला. दुसरा पुसायला वाकले…

मागून खडी वाजली.

टायरखाली वाजते तशी. तुम्ही ओळखता तो आवाज. बाजूनं काहीतरी गेलं. वारा लागला. दिसलं काहीच नाही. आवाज डाव्या वाटेनं खाली गेला.

खालून त्या धुळीनं भरलेल्या माणसाचा आवाज आला. मोजणारा.

"एक."

परत खडी वाजली. परत वारा.

"दोन."

भाऊजी उभेच. एकामागून एक जात होतं. सावकाश, घाईनं, दोघं जोडीनं. बारा. तेरा. खाणीत काही पडल्याचा आवाज नाही. पाणी वाजत नाही. खडी वाजायची, कडेपाशी थांबायची… आणि मग आकडा. बावीस. तेवीस.

"तीस."

मग गप्प.

मग खालून, अगदी शांतपणे…

"पुढे असते म्हणालास."

आणि वरून, फाट्याच्या बाजूनं, मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा आवाज. टक-टक-टक-टक. तो फ्रीव्हील मीच बसवला होता भाचीच्या सायकलला, जरा जास्त वाजणारा. घरात बसलेल्या बापालासुद्धा कळायचं, लेक गल्लीच्या तोंडाशी आली.

ती घरी होती. माझ्या बहिणीसोबत टीव्ही बघत होती. हे भाऊजींना माहीत होतं. तरी ते ओरडले नाहीत, पळाले नाहीत. ते खाली बसले आणि बाण पुसायला लागले.

बाही फाटली. मग हातानं. चुना आणि खडी, तळहात सोलून निघाले. एक पुसायचा, गुडघ्यावर पुढे सरकायचं, पुढचा पुसायचा. मागे टक-टक. ते थांबले की तो थांबायचा. ते सरकले की सरकायचा. मागे बघायचं नाही, एवढं ठरवलेलं. शेवटचा बाण कडेवरच्या दगडावर होता. अर्धा अलीकडे. टोक पलीकडच्या अंगावर, जिथे उभं राहायला जागा नाही.

पोटावर झोपले. हात खाली सोडला. पुसला.

आवाज थांबला.

भाऊजी म्हणाले, "ती येणार नाही. कुणीच येणार नाही."

काही नाही.

मग कानाशी… खालून नाही, कानाशी…

"तू आलास की."

मानेवर हात पडला. दाबायला लागला. घाई नव्हती त्याला. भाऊजींची छाती कडेबाहेर गेली. दिवा सुटला. खाली जाताना दिसला, जाताना दिसला, मग दिसेना. त्यांनी बोटं दगडाच्या भेगेत घातली आणि धरून राहिले. किती वेळ, विचारू नका. हात दाबत राहिला. मग कंटाळल्यासारखा उचलला गेला.

घरी पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. चालत. बहिणीनं मला फोन केला, मी गेलो. हे सगळं मी त्या रात्री त्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्या हातांना पट्ट्या बांधता बांधता. मानेवर काही खूण नव्हती.

फेरी रद्द केली. भाची चार दिवस बापाशी बोलली नाही. खरं कारण तिला आजही माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कुणी सांगायचं नाही. सकाळी मी आणि दोघं जीप घेऊन गेलो. सातही फाट्यांवर एकही बाण नव्हता, पहिल्या चारांवरचेसुद्धा. सायकल फाट्यावरच्या दगडाला टेकवून ठेवलेली. नीट. भाऊजींनी ती पुन्हा चालवली नाही. काम करतात, पण आता पाणसळ हातातून सोडत नाहीत. नजरेवर भरवसा राहिला नाही म्हणतात.

सायकल माझ्या दुकानात राहिली. पंधरा दिवसांनी म्हटलं, साफ करून कुणाला तरी देऊन टाकू. मागचं चाक फिरवलं, तर आत काहीतरी खडखडलं. मला वाटलं, रिममध्ये खडा गेला. टायर उतरवला. रिम स्वच्छ. टायर स्वच्छ. ट्यूब हातात घेतली.

ट्यूबमध्ये वाजत होतं.

हवा भरलेली, पंधरा दिवस टिकलेली. घमेल्यात पाणी घेऊन बुडवली. पूर्ण फिरवली. एक बुडबुडा नाही. ना चीर, ना जोड, ना ठिगळ. कात्रीनं कापली.

आतून एक दाढ निघाली. माणसाची.

मुळाशी ओली होती.